सोनं राहू दे, खापरं बघ

प्रिय तू,

तुझा मेसेज वाचला. मी इजिप्त बघून आले आणि तुझा प्रश्न एकच, तूतनखामुनचा मुखवटा खरंच तेवढा देखणा आहे का? आहे गं बाई, आहे. फोटोतल्यापेक्षा देखणा आहे. पण एवढं एका ओळीत सांगून मी थांबेन असं तुला वाटलं असेल, तर हॉस्टेलमधली ती सगळी वर्षं फुकट गेली म्हणायची. चहा करून आण आणि निवांत बस.

आधी तुझी खरडपट्टी. बर्लिनमध्ये राहतेस. नेफर्तिती तुझ्याच गावात, नॉएस म्युझियममध्ये बसलेली. दर रविवारी जुन्या बाजारात चिनी मातीच्या बशा उलट्यापालट्या करत फिरायला तुला वेळ असतो आणि हिला भेटायला नाही? 6 डिसेंबर 1912 ला अमार्नाच्या मातीत लुडविग बोर्खार्टच्या माणसांना ती सापडली. कुठल्या थडग्यात नाही हं. थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या घरात, त्याच्या कामाच्या जागी. आजूबाजूला प्लास्टरचे चेहरे, अर्धवट घडवलेली डोकी. म्हणजे तिचा हा अर्धपुतळा नमुना असावा, हाताखालच्या कारागिरांनी समोर ठेवून काम करायचा. तिचा एक डोळा बसवलेलाच नाही. माझं मत विचारशील तर तिने आता मायदेशी जावं. तिथली माणसं कितीतरी वर्षं तिला परत मागताहेत. पण ती जाईपर्यंत तू तरी जाऊन ये.

बरं, आता आमची हकीकत. श्रीकांतला रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि वन्सं अशा दोघीच पुण्याहून एका गटाबरोबर गेलो. वन्सं तुला ठाऊकच आहेत. बॅगेत मेतकूट, लसणीची चटणी आणि तोंडात अखंड प्रश्न. आमची गाइड तिशीतली एक हुशार इजिप्शियन मुलगी होती. पहिल्या दिवशी वन्संनी तिला लाडू दिला आणि त्यानंतर ती वन्संची झाली. मी काही विचारलं की उत्तर वन्संकडे बघून द्यायची!

कैरोत ते नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम झालंय ना, 1 नोव्हेंबर 2025 ला ज्याचं उद्घाटन झालं, गिझाच्या पिरॅमिडांच्या जवळच. तूतनखामुनच्या थडग्यातल्या 5398 वस्तू आता तिथे एकत्र आणल्यात. हॉवर्ड कार्टरला 4 नोव्हेंबर 1922 ला पहिली पायरी दिसली, 26 तारखेला त्याने मेणबत्ती धरून भोकातून आत पाहिलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ. पण मग त्या चार लहानशा खोल्या रिकाम्या करायला त्याला जवळजवळ दहा वर्षं लागली, हे मला फार आवडतं. एकेका वस्तूला क्रमांक द्यायचा, हॅरी बर्टनने जागच्या जागी फोटो काढायचा, आल्फ्रेड लुकास या रसायनतज्ज्ञाने तिला आधी मजबूत करायचं आणि मगच हलवायचं. त्याआधी कित्येकांनी थडगी अशी उपसली होती की कुठली वस्तू कुठे होती हे सांगायलाही कुणी उरलं नाही. कार्टर सतराव्या वर्षी चित्रं नकलून काढायला इजिप्तला गेलेला मुलगा. त्याचा हात आणि डोळा दोन्ही चित्रकाराचे. म्हणून त्याला घाई झाली नाही, असं मला वाटतं.

वन्सं मुखवट्यासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या, हात जोडले आणि पुढे निघाल्या. मग पलंग, खुर्च्या, टोपल्या, दारूचे रांजण, चपला, तागाची वस्त्रं बघत बघत म्हणाल्या, "अगं, या पोराने तर सगळा संसारच नेला बरोबर." आणि पोरच होतं गं ते. अठरा-एकोणीस वर्षांचं. तुला सांगते, त्या सगळ्या सोन्यातून माझ्या मनात दोनच गोष्टी राहिल्या. त्याच्या पुष्कळ काठ्या होत्या, त्यातली एक साध्या बोरूची. तिच्यावर लिहिलंय की ही राजाने स्वतःच्या हाताने कापली. आणि दुसरी, शवपेट्यांवर ठेवलेली फुलं. ऑलिव्हची पानं, निळी कॉर्नफ्लॉवर. सगळ्यात आतली पेटी 110 किलो सोन्याची आणि तिच्यावर फुलांची गळपट्टी! ती फुलं आणि फळं कुठल्या ऋतूतली हे वनस्पतितज्ज्ञांनी ताडून पाहिलं, तेव्हा कळलं की राजाला मार्च-एप्रिलच्या सुमाराला पुरलं असणार. शिलालेखांनी जे सांगितलं नाही ते फुलांनी सांगितलं.

इथूनच माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. इजिप्तच्या महान शोधांची नावं घे म्हटलं तर सगळे सोनं सांगतात. मी आता खापरं सांगणार.

लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर आमच्या कार्यक्रमात राजांची दरी होती, हातशेपसुतचं देऊळ होतं. देर एल-मदिना नव्हतं. मी गाइडला आदल्या रात्रीपासून विनवलं, वन्संनी उरलेले लाडू पुढे केले आणि बस वळली. गटातले काही जण कुरकुरले. उतरल्यावर दिसतं काय, तर दोन डोंगरांच्या बेचक्यात गुडघाभर, कंबरभर भिंती. एक अरुंद गल्ली आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकटून घरं. भरभराटीच्या दिवसांत अडुसष्ट-सत्तर घरं असतील. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे, कोरणारे कारागीर इथे बायकामुलांसह राहायचे, पिढ्यान् पिढ्या, चारशेहून जास्त वर्षं. मी त्या गल्लीतून चालले आणि प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबले. पहिली खोली, मधली खोली, मग मागे स्वयंपाकाची जागा. कुणाकडे पाहुणा आला की सगळ्या गल्लीला कळत असणार!

आणि मजा बघ. कार्टर डोंगराच्या त्या बाजूला तूतनखामुनच्या पायऱ्या मोकळ्या करत होता, त्याच 1922 साली डोंगराच्या या बाजूला बर्नार्ड ब्रुयेर नावाच्या फ्रेंच माणसाने हे गाव खणायला घेतलं. कार्टरच्या दाराशी जगभरातले वार्ताहर, राजेरजवाडे. ब्रुयेरकडे कोण जाणार? तो आपला 1951 पर्यंत घरामागून घर, उकिरड्यामागून उकिरडा खणत राहिला. गावाजवळ एक प्रचंड खड्डा आहे, पन्नास मीटरहून खोल. गावात पाणी नव्हतं, गाढवांवरून आणावं लागायचं, म्हणून त्या लोकांनी विहीर खोदायला घेतली असावी. पाणी लागलंच नाही. मग त्या खड्ड्यात गावाने कचरा टाकला. ब्रुयेरने तो उपसला तेव्हा त्यातून लिहिलेली सुमारे 5000 खापरं आणि चुनखडीच्या कपच्या निघाल्या! पपायरस महाग, कपच्या फुकट. म्हणून रोजचं सगळं कपचीवर. उसनवार, भांडणं, गाढव भाड्याने घेतल्याचे हिशेब, प्रेमाची गाणी, स्वप्नांचे अर्थ, मुलांचे धडे. यारोस्लाव्ह चेर्नी या चेक विद्वानाने उभं आयुष्य ही खापरं वाचण्यात घातलं आणि त्यातून अख्खं गाव उभं केलं, नावागावासकट.

तुझ्यासाठी एक खास. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक मोठी कपची आहे, दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातली, म्हणजे साधारण इ.स.पू. 1250 ची. ती हजेरीची वही आहे, किंवा खरं तर गैरहजेरीची. 40 माणसांची नावं, 280 दिवसांच्या नोंदी आणि कोण का आला नाही त्याचं कारण. विंचू चावला. डोळे आलेत. बियर गाळायची आहे. आईच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळायच्या आहेत. साहेबांच्या खाजगी कामावर गेलाय. घरात बायकोची किंवा मुलीची पाळी आहे. वाचताना तुझी इतकी आठवण झाली! एन.सी.सी.च्या परेडला तू दिलेली कारणं मी अजून विसरलेले नाही, आणि तुझ्या आजीला तू किती वेळा आजारी पाडलंस तेही. बिचाऱ्या आजी पुढे नव्वदीपर्यंत ठणठणीत होत्या.

आणखी काही खापरं आहेत, त्यांच्यावर कपड्यांची चित्रं काढलेली आणि चित्रांखाली ठिपके. धुवायला दिलेल्या कपड्यांचा हिशेब. कमरेचं वस्त्र इतकं, अंगरखे इतके. ही मी पुस्तकात बघितली आणि पुस्तक मिटून बसले. आई गेल्यावर तिचं कपाट आवरायला घेतलं होतं, तेव्हा तू फोनवर होतीस. पाटल्या, मोहनमाळ, सगळं वाटून झालं, मी शांत होते. मग तळाशी तिची धोब्याची वही निघाली. पांढरे सदरे चार, परकर दोन, चादर एक, कोपऱ्यावर डाग. तिथे मला रडू फुटलं, आणि तू तिकडे काही न बोलता फोन धरून बसली होतीस. तुला आता कळेल मी त्या ठिपक्यांपाशी का अडकले.

खापरांच्या त्याच गावाने जगातला पहिला नोंदलेला संप केला, हे तुला माहीत होतं का? तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी, इ.स.पू. 1157 च्या आसपास. पगार म्हणजे धान्य, आणि धान्य आठवड्यांमागून आठवडे येईना. माणसांनी हत्यारं खाली ठेवली, डोंगरावरून उतरले आणि आधीच्या एका राजाच्या देवळामागे जाऊन बसले. आम्हाला भूक इथे घेऊन आली, तहान घेऊन आली, वस्त्र नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि आमनाख्त नावाच्या लेखनिकाने ते लिहून ठेवलं. राजाला कळवा म्हणाले. ज्याला सगळं जग देव म्हणत होतं त्याला! तो पपायरस आज तुरीनला आहे.

आणि नौनाख्त! ही बाई आपल्याला भेटायला हवी होती. आठ मुलं वाढवली. म्हातारपणी, इ.स.पू. 1145 च्या सुमाराला, गावच्या पंचांसमोर उभी राहून तिने मृत्युपत्र लिहवलं. ज्यांनी मला सांभाळलं त्यांना माझा वाटा. ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही त्यांना माझ्या मालमत्तेतलं काही नाही. बापाचं त्यांना मिळेल, माझं मिळणार नाही. एका मुलाला वर एक काशाचं भांडं वेगळं दिलं. स्वतःची मालमत्ता, स्वतःचा शब्द, आणि कायद्याने तो तिचा हक्क. वन्संना मी हे गल्लीत उभं राहून सांगितलं तर त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शहाणी बाई." त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी आजवर ऐकलेली नाही.

गावाशेजारी सेन्नेजेमचं थडगं आहे. आत रंग असे की आज सकाळी हात फिरवलाय. परलोकातल्या शेतात तो पांढराशुभ्र झगा घालून नांगर धरतोय आणि मागून बायको इनेफर्ती बी पेरतेय. "मेल्यावरसुद्धा शेतीच?" वन्संनी विचारलं. गाइड इतकी हसली की पहारेकऱ्याने दटावलं.

आता तू म्हणशील, हे सगळं वाचता कसं आलं? त्याचं उत्तर तुला पाठ आहे, म्हणून पटकन सांगते. 1799 मध्ये रशीदजवळच्या किल्ल्याची डागडुजी करताना फ्रेंच सैनिकांना तो रोझेटा दगड मिळाला, बुशार नावाच्या अधिकाऱ्याने त्याचं मोल ओळखलं, आणि दोन-तीन वर्षांतच इंग्रज तो लंडनला घेऊन गेले. इ.स.पू. 196 चा पाचव्या टॉलेमीच्या काळातला आदेश, चित्रलिपीत, डेमोटिकमध्ये आणि ग्रीकमध्ये. मजकूर तसा रूक्षच, पुजाऱ्यांनी राजाचे गुण गायलेले. पण लिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंकडे बघ. दगड सगळ्यांपुढे होता, टॉमस यंगने काही नावं उलगडलीही होती. शांपोलियोंने मात्र लहान वयापासून कॉप्टिक भाषा आत्मसात केली होती, कारण चर्चच्या प्रार्थनेत उरलेली ती भाषा म्हणजेच जुनी इजिप्शियन, अशी त्याची खात्री होती. म्हणजे किल्ली दगडात तर होतीच, पण ती फिरली ती गरीब कॉप्टिक धर्मगुरूंनी जपलेल्या प्रार्थनांमुळे. सप्टेंबर 1822 मध्ये उलगडा झाला तेव्हा तो धावत भावाकडे गेला आणि सांगता सांगता बेशुद्ध पडला, अशी गोष्ट सांगतात. दहाच वर्षांनी, 41व्या वर्षी गेला. मला त्याच्या भावाबद्दल फार वाटतं, ज्याने त्याला शिकवलं, पोसलं आणि मागाहून त्याचं अपुरं लिखाण छापून काढलं.

पण माझा सगळ्यात लाडका शोध एका बाईच्या नावावर सांगतात, आणि तिचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही. 1887 साली अमार्नाला एक शेतकरी बाई जुन्या मातीच्या भिंती खणत होती. ती माती शेतात खत म्हणून घालतात. तिला खुणा उमटवलेल्या मातीच्या पाट्या मिळाल्या. व्यापाऱ्यांना आणि काही विद्वानांनाही त्या खोट्या वाटल्या, कारण लिपी इजिप्तची नव्हतीच! ती होती बाबिलोनकडची कीलाक्षरी. पोत्यांतून इकडेतिकडे नेताना कितीतरी फुटल्या. वाचल्या त्या साधारण 380. त्यातल्या बऱ्याचशा तुझ्या बर्लिनमध्ये आहेत, हेही ऐकून ठेव. आणि त्यांत निघाली राजांची पत्रं! इ.स.पू. चौदाव्या शतकातली, बाबिलोनच्या, अश्शूरच्या, मितन्नीच्या राजांनी फेरोला लिहिलेली.

तुला सांगते, इतकी गोड पत्रं मी दुसरी वाचलेली नाहीत. सुरुवात कायम तब्येतीने. मी बरा आहे, तू बरा अस, तुझ्या बायका, मुलं, घोडे, रथ सगळे बरे असोत. आणि मग तक्रारी. तुझ्याकडे सोनं धुळीसारखं आहे, मग मला एवढंसंच का? भरीव सोन्याच्या मूर्ती कबूल केल्या होत्यास, या तर लाकडावर पत्रा मारलेल्या आल्या. एवढा मोठा सोहळा केलास आणि मला बोलावलं नाहीस. एक बाबिलोनी राजा फेरोची मुलगी मागतो. आमची मुलगी आम्ही कुणाला देत नाही असं उत्तर येतं. तर तो लिहितो, बरं मग कुणीतरी सुंदर बाई पाठव, ती राजकन्या नाही असं इथे म्हणणार कोण? आणि बुर्नाबुरियाश तर रुसूनच बसला होता. मी आजारी होतो, माझ्या भावाने चौकशीला माणूससुद्धा पाठवला नाही म्हणून. मग इजिप्तच्या दूताने समजावलं की देश फार लांब आहे, तुझ्या आजाराची बातमी तिकडे पोचलीच नसणार. त्याने आपल्याही दूताला विचारून खात्री केली आणि मग राग सोडला. आता तूच सांग, मला डेंग्यू झाला होता तेव्हा तुझा फोन किती उशिरा आला? बर्लिन लांब आहे हे कारण मी मान्य केलं होतं. बुर्नाबुरियाशपेक्षा माझं मन मोठं आहे, हे लक्षात ठेव.

त्यात मितन्नीच्या तुश्रत्ताची पत्रं आहेत. या मितन्नी राजांची नावं आपल्या संस्कृतच्या नात्यातली, आणि तुर्कस्तानात मिळालेल्या त्यांच्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य या देवांना साक्षीला बोलावलंय. फेरोच्या अंतःपुरात तुश्रत्ताची मुलगी तादुखेपा नांदायला गेली होती. ती लहानपणी कुठल्या देवांची नावं ऐकत वाढली असेल, याचा विचार करत मी विमानात जागी होते.

एका गोष्टीचा मात्र त्रास झाला. लक्सरच्या पश्चिमेला कुर्ना गाव होतं, थडग्यांवरच वसलेलं. तिथल्या अब्द एल-रसूल घराण्याला 1870 च्या आसपास कड्यातलं एक खोल विवर सापडलं. आत राजांच्या ममींचा ढीग! एकविसाव्या राजवंशाच्या काळात पुजाऱ्यांनी चोरांपासून वाचवायला कितीतरी राजे गोळा करून तिथे लपवले होते, आणि कुणाला कुठून हलवलं ते शवांच्या कापडावर, पेट्यांवर लिहूनही ठेवलं होतं. या घराण्याने गुपित वर्षानुवर्षं जपलं आणि जरूर पडेल तशी एखाददुसरी वस्तू विकली. शेवटी सरकारने भावांना धरलं, मारहाण केली, आणि 1881 मध्ये एक भाऊ फुटला. एमिल ब्रुग्श आणि त्याच्याबरोबर अहमद कमाल आत उतरले. पहिला सेती, दुसरा रामसेस, तिसरा थुतमोस, सगळे एका जागी! दोन दिवसांत विवर रिकामं केलं आणि मग सगळं बोटीवर चढवलं. बोट नाईलमधून उत्तरेला निघाली तेव्हा काठावरच्या गावांतल्या बायका केस मोकळे सोडून, डोक्यात माती घालत आक्रोश करत होत्या आणि पुरुष बंदुकीचे बार काढत होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजांची ती अंत्ययात्रा होती, आणि सुतक त्या गावांनी पाळलं.

कुर्नाच्या लोकांना पुस्तकांत चोर म्हणतात. त्या वस्तू विकत घेऊन घरी नेणाऱ्या युरोपीय साहेबांना संग्राहक म्हणतात. मला हे पटत नाही. आणि अहमद कमाल, प्राचीन इजिप्तचा अभ्यास करणारा पहिला मोठा इजिप्शियन विद्वान. स्वतःच्या देशाच्या भूतकाळाचं शिक्षण इजिप्शियन मुलांना मिळावं म्हणून जन्मभर झगडला. 1923 साली गेला. आपल्या कॉलेजच्या पुस्तकात त्याचं नाव होतं का? मला तरी आठवत नाही. शादी अब्देल सलामने 1969 मध्ये कुर्नाच्या या घटनेवर 'अल-मोमिया' नावाचा सिनेमा केला. मिळवून बघच.

कुर्नाच्या विवरातले पुष्कळ राजे 3 एप्रिल 2021 ला कैरोच्या रस्त्यांतून वाजतगाजत दुसऱ्या एका नव्या म्युझियममध्ये गेले, राजे-राण्या मिळून 22 जण. तिथल्या अंधाऱ्या दालनात आम्ही दुसऱ्या रामसेसला पाहिलं. नाक ताठ, केस पिंगट. 1976 मध्ये त्याला बुरशीवर उपचार करायला पॅरिसला नेलं होतं, त्या तपासणीत त्याच्या नाकात मिरे मिळाले. काळे मिरे! आपल्या दक्षिणेखेरीज ते कुठून येणार? इ.स.पू. 1213 मध्ये मेलेल्या राजाच्या नाकात मलबारचे मिरे. वन्सं म्हणाल्या, "काढा करून वेळेवर दिला असता तर." मी त्यांना सांगितलं, त्याने नव्वदी गाठली होती. "मग दिलाच असेल," म्हणाल्या.

हो, आणि पिरॅमिड. गटातले एक काका पुण्यापासून सांगत आले होते की हे परग्रहावरच्या लोकांचं काम. मी त्यांना गिझाच्या वाळूत उभं करून मेररची गोष्ट सांगितली. 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांना लिहिलेले पपायरस मिळाले, आजवर मिळालेले सगळ्यात जुने. त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली चाळीसेक माणसं, एक नाव. तुरा इथल्या खाणीतून पांढरी चुनखडी भरायची, नाईल आणि कालव्यांतून गिझाला न्यायची, उतरवायची, परत निघायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज इथे मुक्काम, उद्या तिथे. वरती देखरेखीला, ज्याचा तो पिरॅमिड त्या खुफू राजाचा सावत्र भाऊ आंखहाफ. पिरॅमिड पुरा होत आलेला, खुफूच्या अखेरच्या वर्षांतला काळ. बरोबरच्या कागदांत भाकरी-धान्याचे हिशेबही आहेत. आणि गिझालाच कामगारांची वस्ती मिळाली, भट्ट्या, गुराढोरांची हाडं, त्यांची स्वतःची थडगी. मोडलेली हाडं बसवून जुळवलेले सांगाडे. काका लक्ष देऊन ऐकत होते. मग हळूच विचारलं, "रोजची भाकरी किती मिळायची?" त्या क्षणी मला ते काका फार आवडले. परत येईपर्यंत त्यांनी मेररबद्दल गटातल्या प्रत्येकाला सांगितलं.

फ्लिंडर्स पेट्री या उत्खननकाराबद्दल लिहायला बसले तर हे पत्र संपणारच नाही. एवढंच सांगते की राजांच्या याद्या सुरू होण्याआधीचा काळ त्याने नुसत्या मडक्यांवरून लावला. थडग्याथडग्यातली मडकी कागदाच्या पट्ट्यांवर उतरवायची आणि घाट कसा बदलत गेला त्यावरून पट्ट्या आधी-नंतर लावायच्या. त्याने कुफ्त गावच्या माणसांना खणायला शिकवलं, आणि त्या गावचे लोक पिढ्यान् पिढ्या आजही उत्खननांवर काम करतात. आमच्या गाइडचे आजोबा कुफ्तचे. हे तिने शेवटच्या दिवशी सांगितलं, तेही वन्संना!

आता तुझं काम ऐक. मे महिन्यात तू इटलीला जाणार आहेस ना? मिलानहून तुरीनला रेल्वेने जा. तिथल्या म्युझियममध्ये खा आणि मेरित हे नवराबायको आहेत. खा देर एल-मदिनाचा, कामांवरचा प्रमुख. त्यांचं थडगं 1906 मध्ये एर्नेस्तो स्कियापारेल्लीला जसंच्या तसं मिळालं, कुणाचाही हात न लागलेलं. पलंग, चादरी, भाकऱ्या, खाची मोजपट्टी, मेरितचा केसांचा टोप त्याच्या पेटीसकट. मेरित आधी गेली, अचानक. तिची पेटी तयार नव्हती, म्हणून खाने स्वतःसाठी करून ठेवलेली तिला दिली. ती तिला मोठी होत होती. मग भोवतीची जागा त्याने कापडांनी भरली. तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांब. मग तो संपाचा पपायरस शोध. आणि मला सगळं लिही, व्हॉइस नोट नको, हाताने लिहिलेलं पत्र हवं, निदान चार पानं.

वन्सं विचारताहेत, गोडा मसाला पाठवायचा तर पत्ता तोच आहे ना? तळमजल्यावरच्या त्या आजोबांनी मागचं पार्सल आठवडाभर ठेवून घेतलं होतं, म्हणून या वेळी तुझ्या ऑफिसवर पाठवू का? कळव.

तुझीच
मी